मोटरहोम घ्यायचंय? आधी शिडी लावून छतावर चढा

एप्रिल उजाडला की न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी ग्रुपवर दरवर्षी कोणीतरी विचारतंच, आम्ही मोटरहोम घ्यायचं म्हणतोय, कुठलं घ्यावं. मग अर्धे लोक म्हणतात अजिबात घेऊ नकोस पैसे पाण्यात जातील आणि उरलेले म्हणतात घे रे बिनधास्त, मुलं लहान आहेत तोवरच मजा आहे. दोघंही खरंच बोलत असतात, पण घेणाऱ्याला नेमकं काय करायचं ते कोणीच सांगत नाही. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतोय, अमेरिकेत राहणाऱ्या, आरव्हीतलं (मोटरहोम, ट्रेलर अशी चाकांवरची घरं) काहीच माहीत नसलेल्या आणि पहिल्यांदाच घेणाऱ्या मंडळींसाठी. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. जितकी फीचर्स जास्त तितकी दुरुस्ती जास्त, त्यामुळे ब्रोशर बघून नाही तर दुरुस्ती कोण करणार, कुठे करणार आणि कितीला करणार हे बघून गाडी निवडा.

आधी हे समजून घ्या की तुम्ही दोन वस्तू घेताय

मोटरहोम ही एक गाडी नाही. खाली ट्रकची चासी, म्हणजे इंजिन-चाकांसकट सांगाडा, असते आणि तिच्यावर दुसऱ्याच कंपनीने बांधलेलं घर. क्लास सी म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली जी नेहमी दिसते ती, तिच्याखाली बहुतेक वेळा फोर्डची ई-३५० किंवा ई-४५० असते. इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स फोर्डचं आणि ते सहसा दगडासारखं टिकतं, जुन्यात ६.८ लिटरचं व्ही-१० आणि नव्यात ७.३ लिटरचं व्ही-८. वरच्या घराची गोष्ट मात्र वेगळी. ते बहुतेक करून इंडियानातल्या एल्खार्ट आणि आसपासच्या गावांतल्या कारखान्यांत बांधलं जातं, लाकडाच्या पट्ट्या, पातळ प्लाय, फायबरग्लास, स्टेपल आणि गोंद. तिथे बऱ्याच ठिकाणी कामगारांना नगावर पैसे मिळतात, म्हणजे जितक्या गाड्या लवकर बाहेर तितकी कमाई जास्त, मग एखादा स्क्रू तिरका बसला किंवा कोपऱ्यात सीलंट कमी पडलं तर थांबून बघायला वेळ कुणाला आहे. कोविडमध्ये सगळ्यांना एकदम आरव्ही हवी झाली आणि २०२१ मध्ये ट्रेलर धरून सहा लाख आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या, आजवरचा उच्चांक. त्या दोन-तीन वर्षांतल्या गाड्यांबद्दल मालकांच्या तक्रारी जास्त ऐकू येतात, त्यामुळे २०२१-२२ ची सेकंडहँड दिसली की जरा जास्त वेळ घालवा.

ब्रँडच्या वादात फार पडू नका. नावं ढीगभर असली तरी मोठा धंदा थॉर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबॅगो या तीन कंपन्यांकडे आहे. जेको, एअरस्ट्रीम, टिफिन हे सगळे थॉरचे, फॉरेस्ट रिव्हर वॉरन बफेंच्या बर्कशायर हॅथवेची, न्यूमार विनेबॅगोकडे. आणि आतल्या वस्तू, फर्नेस, एसी, फ्रिज, स्लाइडची (बाहेर सरकणाऱ्या भिंतीची) यंत्रणा, या तर डोमेटिक, सबर्बन, लिपर्ट अशा ठरावीक लोकांकडूनच सगळ्यांकडे येतात. फरक पडतो तो छप्पर आणि भिंती कशा बांधल्यात यात, आणि तो शोरूममधल्या दिव्यांत दिसत नाही.

पहिलं काम: भाड्याने घेऊन बघा

घेण्याआधी एकदा तरी लाँग वीकेंडला भाड्याने घ्या. क्रूझ अमेरिका आहे, किंवा आउटडोर्सी आणि आरव्हीशेअरवर लोक स्वतःच्या गाड्या देतात. मैलाचे आणि जनरेटरच्या तासाचे पैसे बऱ्याचदा वेगळे लागतात, बुक करताना ते विचारून घ्या. तीन दिवसांत कळतं की गॅलनला ८-१० मैलच मिळतात, रिव्हर्स घेताना मागे एक माणूस उभा करावाच लागतो, आणि बाथरूम इतकं छोटं की सासूबाई पहिल्याच सकाळी कॅम्पग्राउंडच्या बाथरूमला जाऊन येतात. हे सगळं झाल्यावरही घरच्यांनी पुढची तारीख विचारली तर मग पुढे जा.

दुसरं: कुठली गाडी आणि कुठली फीचर्स

क्लास ए म्हणजे बससारखी. क्लास बी म्हणजे व्हॅन, चालवायला सोपी आणि पार्किंगला मस्त, पण नवी घ्यायची तर दीड लाख डॉलरच्या आसपास किंवा वर जाते आणि आत दोन माणसांच्या वर खरं तर जमत नाही. फॅमिली असेल, भारतातून आई-बाबा येणार असतील, तर २४ ते २८ फुटांची क्लास सी बघा. लायसन्सची भानगड नाही, बहुतेक राज्यांत २६,००० पाउंडांच्या आतली गाडी साध्या लायसन्सवर चालते आणि ई-४५० ची मर्यादा १४,५०० पाउंड आहे.

इथे दोन गोष्टी सेल्समन स्वतःहून सांगत नाही. एक, "आठ जण झोपतात" म्हणजे आठ जण प्रवास करू शकतात असं नाही, सीटबेल्ट मोजा. जेवणाच्या टेबलापाशी उलट्या तोंडाच्या किंवा आडव्या सोफ्याच्या सीटवर लहान मुलाची कारसीट लावायची नसते, सरळ पुढे तोंड असलेली आणि नीट फ्रेमला जोडलेली सीट लागते, ती किती आहेत ते मोजा आणि मगच मुलांची, आजी-आजोबांची गणितं मांडा. शिवाय वरचा पलंग पंच्याहत्तरीच्या माणसाला चढता येत नाही हे घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट वजन. दाराजवळ पिवळं लेबल असतं, माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं आणि पाण्याची पूर्ण टाकी किती वजनाची तेही असतं, ते पाणी याच आकड्यातून वजा होतं. पाणी गॅलनला साधारण ८.३ पाउंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पाउंड तिथेच गेले. मग सहा माणसं, सायकली, खुर्च्या, तांदळाची पिशवी, कुकर, कुणीतरी आणलेला कॅरम बोर्ड. ई-३५० वर लांबलचक घर बांधलेल्या काही गाड्यांत हा आकडा इतका कमी असतो की माणसं बसली की संपला. तसं असेल तर ई-४५० घ्या किंवा छोटी घ्या, टायर आणि ब्रेक तुमचेच आहेत.

आता स्लाइड-आउट. भिंत बाहेर सरकते आणि आत जागा दुप्पट वाटते, सगळ्यांना हीच आवडते. पण स्लाइड म्हणजे भिंतीला मुद्दाम पाडलेलं मोठं भोक, त्याला रबरी सील, मोटर, गिअर. सील सुकलं की पाणी आत, मोटरी एकत्र चालल्या नाहीत की स्लाइड तिरकी होऊन अडकते, आणि अडकते ती हमखास निघायच्या सकाळी. एक स्लाइड ठीक आहे, पहिल्या गाडीत तीन घेऊ नका. आणि स्लाइड हाताने आत कशी घ्यायची ते दाखवल्याशिवाय डीलरच्या आवारातून निघूच नका.

फ्रिज दोन प्रकारचे. जुना प्रोपेन गॅस-विजेवर चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज सावकाश थंड होतो, आदल्या दिवशी चालू करावा लागतो आणि गाडी लेव्हलला नसेल तर बिघडतो. यातल्या काही मॉडेल्सचे आगीच्या धोक्यामुळे रिकॉल झालेत, ते आधी तपासा. नवा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज घरच्यासारखा थंड करतो पण बॅटरी खातो. उन्हाळ्यात अ‍ॅब्सॉर्प्शनमध्ये ठेवलेलं इडलीचं पीठ दुपारपर्यंत डब्याबाहेर आलेलं आमच्याकडे पाहिलंय, तेव्हा काय ते समजून घ्या.

सोलर आणि लिथियम बॅटरी हुकअप, म्हणजे कॅम्पग्राउंडची वीज-पाण्याची जोडणी, नसलेल्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी खरोखर उपयोगी आहेत. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते, लिथियममधली जवळजवळ सगळी वापरता येते, फक्त तिला शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करायचं नाही. पण तुम्ही दरवेळी कॅम्पग्राउंडला प्लग लावूनच राहणार असाल तर त्यावर पैसे घालू नका. इलेक्ट्रिक फायरप्लेस, बाहेरचा टीव्ही, रंगीत एलईडी, हे तर पूर्ण सोडा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: पाणी शोधा

इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं. पाणी भिंतीत मुरलं तर गाडी संपली, बाहेरून कितीही चकाचक असो. त्यामुळे सेकंडहँड बघायला गेलात की बॉनेट नंतर उघडा, पहिलं शिडी मागा. मालक किंवा डीलर वर चढू देत नसेल तर तिथूनच नमस्कार करून निघा.

छतावर काय बघायचं: व्हेंट, एसी, अँटेना, कडा, जिथे जिथे छताला भोक आहे तिथे सीलंट असतं, ते तडकलंय का, कडेने सुटलंय का. हाताने दाबून बघा, कुठे मऊ लागलं तर खालचं लाकूड कुजलंय. छप्पर बहुधा ईपीडीएम रबर, टीपीओ किंवा फायबरग्लासचं असतं, कुठलं आहे ते विचारून लिहून ठेवा कारण पुढे सीलंट त्यावरून घ्यायचं असतं. कोणी पांढऱ्या सिलिकॉनच्या ट्यूब रिकाम्या केलेल्या दिसल्या तर सावध व्हा, रबरी छतावर सिलिकॉन नीट धरत नाही आणि नंतर त्यावर दुसरं काही चिकटतही नाही.

क्लास सी मध्ये पाणी शिरायची लाडकी जागा म्हणजे डोक्यावरचा पलंग. पुढची खिडकी असेल तर तिचे कोपरे, आणि कपाळावर जे पाच छोटे नारिंगी दिवे असतात त्यांचे स्क्रू. आमच्या ओळखीत एकांकडे दोन वर्षं गळतं कुठून तेच सापडेना, छप्पर सगळं पुन्हा सील केलं, शेवटी निघालं ते त्या एका दिव्याच्या गास्केटमधून. गादी उचला, कोपऱ्यात नाक घाला, कुबट वास येतो का बघा. वॉलपेपरला सुरकुती, स्टेपलला गंज, कपाटाच्या आत वरच्या कोपऱ्यात तपकिरी डाग, टॉर्च घेऊन एकेक कपाट उघडून बघा. आणि गाडीत शिरताच एअर फ्रेशनरचा भपका आला तर तो काय झाकतोय हे स्वतःला विचारा.

मग बाहेर या, उन्हात भिंतीला गाल लावल्यासारखं उभं राहून तिरकं बघा. फायबरग्लास फुगलेला दिसला तर त्याला डिलॅमिनेशन म्हणतात, आतला गोंद सुटलाय, म्हणजे पाणी कधीच आत गेलंय. "थोडंसंच आहे" असं ऐकवतील, ऐकू नका, याची दुरुस्ती हजारो डॉलरमध्ये जाते आणि परत पूर्ववत होईलच असं नाही. आत जमिनीवर शॉवरजवळ, टॉयलेटभोवती, स्लाइडच्या कोपऱ्यांत टाच दाबून चाला. तीस-चाळीस डॉलरचा मॉइश्चर मीटर मिळतो, तो घ्या, आणि जमलं तर पावसाच्या दुसऱ्या दिवशी बघायला जा.

हे झालं की बाकीचं भराभर. टायरवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे ३२१९ असेल तर २०१९ चा बत्तिसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात, सहा-सात वर्षांचे असतील तर नक्षी नवी दिसली तरी सगळे बदलायचा खर्च किमतीतून कापून मागा. जनरेटर थंड असताना चालू करायला सांगा आणि एसी लावून वीस मिनिटं चालू द्या. दहा वर्षांच्या गाडीत जनरेटरचे तास अगदीच कमी असतील तर खूश होऊ नका, तो महिन्यातून एकदा लोड देऊन चालवायचा असतो, पडून राहिला की कार्ब्युरेटर चिकटतो. पंप चालू करून सगळे नळ बंद करा, पंप थांबून शांत राहिला पाहिजे, मधेमधे टक टक करत असेल तर कुठेतरी गळतंय. फर्नेस, गिझर गॅसवर आणि विजेवर, एसी, ऑनिंग (बाहेर उघडणारं कापडी छप्पर), प्रत्येक गोष्ट चालू करून बघा, "हे चालतं हो" यावर विश्वास ठेवायचा नाही. व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाकला की रिकॉल फुकटात कळतात. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरवर तारीख असते, सात वर्षं उलटली असतील तर बदलायचेच.

एवढं करूनही किंमत मोठी असेल तर एनआरव्हीआयए या आरव्ही तपासनीसांच्या संघटनेचा सर्टिफाइड इन्स्पेक्टर लावा, काहीशे डॉलरपासून हजाराच्या वरपर्यंत घेतात. फक्त तो तुम्ही शोधलेला असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

नवी घेत असाल तर

नवी म्हणजे बिनघोर असं आपल्याला टोयोटा-होंडामुळे वाटतं, इथे तसं नाही. नव्या गाडीतही नळाखालचं फिटिंग ढिलं, ड्रॉवर निखळलेला, पाण्याच्या टाकीत लाकडाचा भुसा, एखादा प्लग चुकीचा जोडलेला, असं सर्रास निघतं. दारावरचं आरव्हीआयए या आरव्ही कंपन्यांच्या संघटनेचं स्टिकर दाखवून "क्वालिटी सर्टिफाइड" म्हणतील, ते वायरिंग, गॅस, आगीपासूनची सुरक्षा या नियमांबद्दल आहे, फिनिशिंगबद्दल नाही.

डिलिव्हरीच्या दिवशी पीडीआय, म्हणजे ताबा घेण्याआधीची तपासणी, स्वतः करा. अख्खा दिवस मोकळा ठेवा, मुलांना मित्राकडे सोडा. गाडी पाणी, वीज, ड्रेन सगळं जोडूनच दाखवा असं आधी ईमेलवर लिहून घ्या. वर सांगितलेली सगळी यादी नव्या गाडीलाही लावा, छतासकट. जे सापडेल ते दुरुस्त होईपर्यंत शेवटची सही आणि उरलेला चेक द्यायचा नाही, कारण सही झाली की तुमची गाडी सर्व्हिसच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहते. ओळखीतल्या एका कुटुंबाची कोरी गाडी पहिल्या वर्षात जितके दिवस त्यांच्याकडे होती त्यापेक्षा जास्त डीलरच्या अंगणात पार्टची वाट बघत उभी होती, आणि हप्ता महिन्याच्या महिन्याला कापला जात होता.

फायनान्सच्या खोलीत एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारतील, "आत्ताच घेतली तरच ही किंमत" वगैरे. कागद घरी आणून काय काय कव्हर होत नाही ते वाचा, गळतीमुळे झालेलं नुकसान बऱ्याच योजनांत वगळलेलं असतं, मग उरतं काय. वॉरंटी मुळात तुकड्यातुकड्यांची असते. चासीची फोर्डकडे, तीन वर्षं किंवा ३६,००० मैल आणि इंजिन-गिअरबॉक्सची पाच वर्षं किंवा ६०,००० मैल. घराची कारखान्याकडे, बहुतेक ठिकाणी एकच वर्षं. फ्रिज, एसी, फर्नेसची त्या त्या कंपनीकडे, तीही वेगळी रजिस्टर करावी लागते. आणि लेमन लॉवर, म्हणजे सदोष नव्या गाडीबद्दलच्या कायद्यावर, फार भिस्त ठेवू नका, बऱ्याच राज्यांत मोटरहोमचा राहण्याचा भाग त्यातून वगळलेला आहे, स्लाइड दहा वेळा अडकली तरी तो "राहण्याचा भाग". म्हणून प्रत्येक तक्रार फोनवर न करता ईमेलने करा, फोटो आणि तारखेसकट, आणि दुरुस्तीला दिल्याची आणि परत आल्याची पावती जपून ठेवा.

पहिली ट्रिप यलोस्टोनची नको. घरापासून तासाभरावरच्या कॅम्पग्राउंडला दोन रात्री काढा, सगळं वापरा, एक रात्र पावसाची मिळाली तर उत्तम.

आपला स्वयंपाक आणि ३० अँपिअर

हे इंग्रजी गाइडमध्ये सापडणार नाही म्हणून थोडं लिहितो. साधारण क्लास सी ला ३० अँपिअरचा प्लग असतो, म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट. एसी दीड हजार, इंडक्शन १,८००, गिझरचं इलेक्ट्रिक एलिमेंट १,४४०, इन्स्टंट पॉट हजार. बेरीज करा. दुपारी एसी चालू, गिझर विजेवर, त्यात कोणी वरणासाठी इन्स्टंट पॉट लावला की ब्रेकर उडालाच. गिझर गॅसवर टाका, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. घराच्या ड्राइव्हवेत साध्या १५ अँपिअरच्या प्लगला लावून एसी चालवायच्या फंदात पडू नका. आणि कॅम्पग्राउंडचा खांब कसा असेल सांगता येत नाही, व्होल्टेज कमी झालं की एसीचा कॉम्प्रेसर जातो, म्हणून कमी-जास्त व्होल्टेजला आपोआप तोडणारा सर्ज प्रोटेक्टर पहिल्या दिवसापासून लावा.

फोडणी बाहेर. खरंच सांगतो. आत फोडणी दिली की स्मोक अलार्म बोंबलतो आणि पडद्यांना वास वर्षभर राहतो. अलार्मची बॅटरी काढून ठेवणारे लोक आहेत, ते करू नका. बाहेर टेबलावर दोन बर्नरची कॅम्प स्टोव्ह ठेवा, कांदेपोहे उघड्यावर जास्तच छान लागतात. कढईतलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, पुसून कचऱ्यात टाका, नाहीतर ग्रे टाकीला असा वास सुटतो की पार्टी तिथेच संपते.

टाक्या तीन, ताजं पाणी, सिंक-शॉवरचं ग्रे आणि टॉयलेटचं ब्लॅक. ब्लॅकचा व्हॉल्व्ह हुकअपला असतानाही बंदच ठेवायचा, दोन-तृतीयांश भरली की सोडायची. उघडा ठेवला तर पाणी निघून जातं आणि घट्ट माल खाली डोंगर करून बसतो. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. आपण पाणी वापरणारे लोक, त्यामुळे आपला डोंगर सहसा होत नाही पण टाकी लवकर भरते, आणि सेन्सर तर बहुतेक गाड्यांत खोटं बोलतात, तेव्हा दिव्यांवर नाही, अंदाजावर चला. बाहेरून पाणी घेताना प्रेशर रेग्युलेटर लावा, ४५-५० पीएसआयवर, काही कॅम्पग्राउंडचं प्रेशर इतकं असतं की आतली फिटिंग्ज सुटतात.

दुरुस्ती: कोणाकडे न्यायची

इंजिन, ब्रेक, ऑइल यासाठी फोर्डचं कमर्शियल ट्रक सर्व्हिस सेंटर शोधा, नेहमीच्या कार डीलरच्या दारातून ११-१२ फूट उंचीची गाडी आत जात नाही. घराच्या कामासाठी डीलर, स्वतंत्र आरव्ही शॉप आणि घरी येणारा मोबाइल टेक्निशियन असे तीन पर्याय. मजुरी तासाला दीडशे-दोनशे डॉलर हल्ली सहज लागते आणि एप्रिल ते जुलै सगळीकडे रांग असते. बरेच डीलर दुसरीकडून घेतलेल्या गाडीला हातच लावत नाहीत किंवा मागे ढकलतात, हे गाडी घेण्याआधी फोन करून विचारा, सरळ विचारा, आत्ता सर्व्हिसला किती आठवडे लागतायत. उपकरणांच्या कामाला, फर्नेस, गिझर, फ्रिज, मोबाइल टेक्निशियन सगळ्यात बरा पडतो, येण्याचे पैसे घेतो पण तुमच्यासमोर काम करतो आणि बघूनबघून तुम्हीही शिकता. वॉरंटीत असाल तर कारखान्याला आधी विचारा, परवानगी घेतली तर काही जण मोबाइल टेक्निशियनचे पैसेही देतात.

पण खरी बचत स्वतः हात घालण्यात आहे. एक मल्टिमीटर घ्या, वीस डॉलरचा पुरे. आरव्हीतल्या किती तरी बिघाडांच्या मुळाशी कमी व्होल्टेज किंवा गंजलेली ग्राउंडची तार असते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.६ व्होल्टला भरलेली, १२ च्या आसपास आली की निम्मी संपली. फर्नेसचा पंखा फिरतो पण ज्योत पेटत नाही ही एक नेहमीची तक्रार. एका काकूंना यासाठी शॉपने अख्खा फर्नेस बदलायचं कोटेशन दिलं होतं, काकांनी बॅटरीची टर्मिनल घासली, घट्ट केली, आणि तो फर्नेस अजून चालतोय. काही चालेनासं झालं की हा क्रम: बॅटरीचं व्होल्टेज, १२ व्होल्टचा फ्यूज, १२० चा ब्रेकर, बाथरूम किंवा किचनमधला जीएफसीआय प्लग (शॉक टाळायला आपोआप बंद होणारा) रिसेट, गॅसचा व्हॉल्व्ह उघडा आहे का. त्यानंतर फोन उचला. गॅस लाइनला मात्र स्वतः हात लावायचा नाही.

गाडीत कायम ठेवायच्या वस्तू: फ्यूजचा डबा, चौकोनी टोकाचे स्क्रूड्रायव्हर बिट, पेक्स (पाण्याच्या प्लास्टिक) पाइपची दाबून बसणारी दोन-चार फिटिंग्ज, होजचे वॉशर, डायकॉरचं सेल्फ-लेव्हलिंग सीलंट आणि एटर्नाबाँड टेप. हा टेप भर पावसात नाही पण कोरड्या छतावर लावला तर असा बसतो की काढायची सोय राहत नाही, म्हणून भोक कुठे आहे याची खात्री करून मग लावा. सेल्फ-लेव्हलिंग सीलंट आडव्या छतासाठी, उभ्या भिंतीवर लावलं तर ओघळून खाली येतं, त्यासाठी न ओघळणारं वेगळं मिळतं. आणि दर तीन-चार महिन्यांनी छतावर एक चक्कर, अर्धा तास लागतो. सबर्बनचा गिझर असेल तर त्यातला अ‍ॅनोड रॉड वर्षातून एकदा काढून बघा, खाऊन तार उरली असेल तर बदला, पंधरा-वीस डॉलरचं काम आहे, नाहीतर गंज टाकीला लागतो. डोमेटिकच्या अ‍ॅल्युमिनियम टाकीला हा रॉड नसतो, उगाच शोधत बसू नका.

रस्ता आणि पार्किंग

गाडीची उंची फूट-इंचात लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. न्यूयॉर्कच्या पार्कवेंवर जायचंच नाही, दगडी पूल बुटके आहेत आणि साधा गूगल मॅप तुम्हाला बेधडक तिकडे घालतो. प्रोपेन गॅसची टाकी असल्यामुळे बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांतून जाता येत नाही, शहराभोवतीच्या बेल्टवेच्या पुलावरून पूर्वी वळसा होता पण तो फ्रान्सिस स्कॉट की ब्रिज २०२४ मध्ये पडला, त्यामुळे आता पश्चिमेकडून फिरून जावं लागतं, डीसीला जाणाऱ्यांनी वेळ धरून निघा. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर वरच्या भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. आणि घेण्याआधी आपल्या एचओएचे आणि टाउनशिपचे नियम वाचा, ड्राइव्हवेत ठेवू देत नसतील तर स्टोरेजचं भाडं दर महिन्याला आहेच.

थंडी, आणि घ्यायचं कधी

ईशान्येकडे राहणाऱ्यांनी पहिल्या गोठणाऱ्या रात्रीच्या आधी विंटरायझिंग करायचंच. टाक्या आणि गिझर रिकामे, गिझर बायपास, आणि मग गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ पंपाने सगळ्या नळांतून, शॉवर, टॉयलेट आणि बाहेरचा शॉवर धरून. कारचं हिरवं अँटिफ्रीझ विषारी असतं, ते चुकूनही नाही. बायपास विसरलात तर सहा गॅलन अँटिफ्रीझ गिझरच पिऊन टाकतो. हे राहिलं तर वसंतात पंपाचा स्ट्रेनर आणि टॉयलेटचा व्हॉल्व्ह तडकलेले सापडतात. पोहे, डाळी, मॅगी, सगळं घरी आणा, उंदरांना छोटंसं भोक पुरतं, आणि ते वायरी कुरतडतात.

सेकंडहँड घ्यायला ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला, विकणाऱ्याला अजून एक हिवाळा स्टोरेज आणि विंटरायझिंग नको असतं, भाव खाली येतो. अडचण एवढीच की तोवर पाण्याच्या लाइनमध्ये गुलाबी अँटिफ्रीझ भरलेलं असतं आणि "आता पाणी लावून दाखवता येणार नाही" असं सांगतात. लाइन पुन्हा पाणी भरून दाखवायची आणि परत विंटरायझ करायची याचे शंभर-दोनशे डॉलर लागले तर आपण देतो म्हणायचं. तरीही तयार नसेल तर किमतीतला काही भाग एप्रिलमध्ये प्लंबिंग तपासल्यावर देईन असं लिहून घ्या, आणि त्यालाही नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा, नोव्हेंबरमध्ये विकायला उभ्या असलेल्या पुष्कळ असतात.